घाटातलं मिसिंग

अमडापूर, ७ एप्रिल १९६३

पोलिसांनी आज दादाची मोटार परत दिली. ओढून आणावी लागेल असं वाटलं, म्हणून चिखलीच्या बद्रुद्दीनभाई मेकॅनिकला सोबत नेलं होतं. सेल्फ मारला तर पहिल्याच फटक्यात चालू. डावा दरवाजा आत चेपला आहे, मागचा मडगार्ड चाकाला घासत होता. बद्रुद्दीनभाईनं तो पहारीनं उचलला आणि मी गाडी गावापर्यंत चालवत आणली. कुठं म्हणून अडखळली नाही.

हेच वाईट झालं.

दादा सांगतो ते असं. तो आणि वहिनी खामगावहून परत येत होते. घाटातल्या मोठ्या वळणावर, ऐन चढावर, इंजिनानं झटके दिले आणि ते बंद पडलं. गाडी मागे घसरली. मागून आमच्या गावच्या निवृत्तीची बैलगाडी चढत होती, तिच्या जुवावर आदळली आणि मग डाव्या अंगानं कठड्याच्या दगडावर जाऊन थांबली. बैल उधळले, निवृत्ती खाली पडला, बैलगाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. तो खामगावच्या दवाखान्यात आहे. दादाचा डावा हात मोडला, प्लास्टरमध्ये आहे. वहिनींच्या छातीला मार बसलाय, हनुवटीवर निळा डाग आहे. श्वास घेताना दुखतं म्हणतात.

बुलढाण्याहून मोटार इन्स्पेक्टर आले होते. त्यांनी गाडी चालवून पाहिली आणि लिहून दिलं की यंत्रात दोष नाही. म्हणजे दोष चालवणाऱ्याचा. दादावर बेदरकारपणे गाडी चालवल्याचा खटला आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात तारीख. गाव तर निकाल देऊन मोकळं झालं: रामराव पिऊन होता. दादानं आजवर चहापेक्षा कडक काही तोंडाला लावलेलं नाही.

कापसाचा हंगाम संपला, सरकी काढायचा जिन बंद झाला. मी तिथं ऑइल इंजिनावर फिटर आहे, आता दिवाळीपर्यंत मोकळाच. वडील गेल्यावर दादानं शेती अंगावर घेतली आणि मला अमरावतीला शिकायला पाठवलं. मी इंजिनाचा माणूस झालो तो त्याच्यामुळे. दोष इंजिनात असेल तर तो मलाच सापडला पाहिजे. कोणत्या दिवशी काय तपासलं ते विसरू नये म्हणून इथं लिहीत जाईन.

९ एप्रिल

गाडी गोठ्याशेजारच्या छपरात लावली आहे. दोन माणसांची, लाल, विलायती. दहा वर्षांची तरी असेल. गिरणीचा मॅनेजर खामगाव सोडून गेला तेव्हा दादानं हौसेनं घेतली. वर कापडाची टोपी आहे, ती दादा कधी चढवत नाही.

आज प्लग काढून पाहिले. चारही तपकिरी, कोरडे, म्हणजे ठीक. ठिणगीचे पॉइंट साफ. जागेवर उभी करून कितीही रेस दिली तरी इंजिन एकसारखं चालतं. मिसिंग नाही, म्हणजे ठोका चुकत नाही; धूर नाही.

मी नवे प्लग टाकायला काढले तर बद्रुद्दीनभाईनं माझं मनगट धरलं. “नारायणभाऊ, आत्ता काहीच बदलू नका. चुकून बिमारी निघून गेली, तर कोर्टात काय दाखवान? आधी पकडाची. साहेबाले दाखवाची. मग दुरुस्ती.”

एवढी वर्षं इंजिनं दुरुस्त केली, पण दोष शोधून तसाच जपून ठेवायचा, हे काम पहिल्यांदाच आलं आहे.

१० एप्रिल

दादाला नीट विचारायला बसलो. डॉक्टर रोग्याला विचारतो तसं.

“झटके आले तेव्हा गिअर कोणता होता?”

“दुसरा. नाही, पहिला असंन.”

“रेस पूर्ण दाबून होतास का अर्धी?”

“आता ते मले कसं आठवंन, नारायण?”

“बंद पडायच्या आधी किती झटके? एकदम मेलं का तुटत तुटत?”

“बंद पडलं. बस्स.” त्यानं कूस बदलली. “काऊन इतकं खोदून राह्यला? व्हाचं ते होईन.”

गाडीचा प्रत्येक आवाज ओळखणारा माणूस. टायरमध्ये हवा कमी झाली तरी त्याला बसल्या जागी कळायचं. हाताच्या दुखण्यानं डोकं चालत नसावं. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. त्यांना या गाडीचा विषयही नको झालाय. मोडीत काढायला सांगतील एखाद्या दिवशी.

१३ एप्रिल

खामगावला जाऊन निवृत्तीला भेटलो. पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला आहे. हाड जुळेल, पण चालण्यात फरक राहील, असं डॉक्टर म्हणाले. त्याची बायको गोजरबाई पलंगाशेजारी जमिनीवर बसून होती. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. कोपऱ्यात आमच्या घरचा डबा. वहिनी एस.टी.नं येऊन गेल्या होत्या, आणि ही पहिली खेप नव्हती. मला घरात कोणी बोललं नव्हतं.

मी निवृत्तीला सांगितलं की गाडीत दोष होता, मी तो शोधतोय.

“शोध बापा,” तो म्हणाला. “मले कोनावर फिर्याद कराची नाही. फौजदार दोनदा इचारून गेला, म्या म्हनलं, बैल उधळले, मले काही दिसलं नाही.”

“पण दिसलं का काही?”

तो छताकडे बघत राहिला. “तुह्या घरच्याले सांग, खरं काय ते त्यायनंच सांगावं. म्या सांगनं बरं नाही दिसत.”

म्हणजे हाही तेच समजतो. दादा पिऊन होता असंच त्याला म्हणायचं आहे. परतीच्या एस.टी.त माझं डोकं तापलं होतं. आणि वहिनींचे हे डबे! लोक म्हणतील साक्षीदाराला फितवायला चाललेत. त्यांना सांगायला हवं.

१४ एप्रिल

सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “लोकायले म्हणू द्या.” आज पुन्हा डबा घेऊन गेल्या.

१७ एप्रिल

बद्रुद्दीनभाईचा संशय पेट्रोलवर. टाकीत कचरा असेल, चढावर मागे सरकून नळीच्या तोंडाशी बसत असेल. टाकी उतरवली, पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळलं. चिमूटभर गंज निघाला, त्यानं काही अडणार नाही. कार्बोरेटर दोन आहेत, दोन्ही उघडले. स्वच्छ. सगळं होतं तसं परत बसवलं. गाडी घेऊन घाटात दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा गुमान चढली.

माझा संशय व्हाल्व्हवर. गरम झाल्यावर एखादा अडकत असेल. त्यासाठी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, उतरवावं लागेल. बद्रुद्दीनभाई नको म्हणतो.

२० एप्रिल

हेड उतरवलं. बद्रुद्दीनभाई नसताना उतरवलं. व्हाल्व्ह आठही ठीक आहेत. अंगानं गुळगुळीत, सरळ, कुठं जळालेला नाही. आणि उतरवताना हेडखालचं पातळ गॅस्केट फाटलं, त्याशिवाय इंजिन चालवता येत नाही.

अकोल्यात या गाडीचं गॅस्केट मिळत नाही. मुंबईला तार केली आहे.

तारीख जवळ येतेय आणि गाडी उघडी पडली आहे. माझ्या हातानं.

२३ एप्रिल

बद्रुद्दीनभाई आला, छपरात उघडं इंजिन पाहिलं. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. पेटीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“तुमाले एक गोष्ट म्हणू? राग नका मानू. रामरावभाऊ खोटं बोलून राह्यले.”

“काय?”

“मी त्यायले इतक्या वर्षांपासून ओळखतो. पंख्याच्या पट्ट्याचा आवाज जरा बदलला तरी माह्याकडे येत. आन् ज्या दिवशी गाडी मेली त्या दिवसाचं त्यायले काहीच आठवत नाही? हे कसं काय?”

मी त्याला नको ते बोललो. तूसुद्धा गावासारखाच निघालास, म्हणालो. इथून चालता हो, म्हणालो. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. त्यानं पाने-पकडी गोळा केल्या, एकेक फडक्यानं पुसली, आणि गेला.

संध्याकाळी दादा छपरात आला. उघड्या इंजिनाकडे बघून म्हणाला, “राहू दे आता, नारायण. मी गुन्हा कबूल करतो. दोन-चार महिने आत जाऊन येईन, संपलं.”

“दोष तुझा नाही तर कबूल काऊन करतं?”

तो छपराबाहेर निघून गेला. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याही मनात आलं, की दादानं खरंच घेतली होती की काय. 

२५ एप्रिल

गॅस्केट आलं. एकट्यानं हेड बसवलं. इंजिन पहिल्यासारखं चालू लागलं. पहिल्यासारखं म्हणजे निर्दोष.

दुपारी वहिनी चहा घेऊन छपरात आल्या. अपघातानंतर त्या गाडीजवळ आल्याचं मी पाहिलं नव्हतं. चहा ठेवून निघून जातील असं वाटलं, पण त्या बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, ती एकदम नाही मेली. पाय दाबला की तुटे, उचलला की सांधे. परत दाबला की परत तुटे. जितकं जास्त दाबावं तितकं जास्त तुटे.”

मी कप खाली ठेवला. “म्हणजे रेस वाढवली की झटका? आणि कमी केली की सुरळीत?”

“हाव. तीन-चार डाव तसं झालं. शेवटी पुरा दाबला न् पार मेली. झटका बसला की समोरून ठक् करून आवाज ये. जसं काही आत हलून राह्यलं.”

“तुम्हाला हे कसं कळलं?”

“बाजूलेच बसून होती ना. त्यायचा पाय दिसे मले.”

पंधरा दिवस दादाला विचारून जे मिळालं नाही ते या एका वाक्यात मिळालं. बायकांचं लक्ष कुठं असतं सांगता येत नाही. दादाला वेदनेत आठवत नाही, त्यांना सगळं आठवतं.

मी त्याच पावली सायकल काढून चिखलीला निघालो.

२६ एप्रिल

काल बद्रुद्दीनभाईच्या दुकानात गेलो तेव्हा तो जीपखाली झोपून काम करत होता. मी त्याच्या पायांशी उकिडवा बसलो आणि माफी मागितली. तो खालूनच म्हणाला, “तेरा नंबरचा पाना द्या.” मी दिला. तेवढ्यावर मिटलं.

मग वहिनींचं सांगणं त्याला ऐकवलं. तो जीपखालून बाहेर आला. “ठक् आवाज? रेस दिल्यावर?” थोडा वेळ हाताच्या पंजाकडे बघत बसला. “उभ्या गाडीत रेस देण्यात अर्थ नाही भाऊ. इंजिनावर वजन नाही पडत. वजन पडलं पायजे.”

आज सकाळी गाडीचा मागचा आस साखळीनं छपरासमोरच्या निंबाला बांधला. बॉनेट उघडं. मी गाडीत बसलो, बद्रुद्दीनभाई इंजिनावर वाकला. पहिला गिअर टाकून रेस वाढवली आणि क्लच हळूहळू सोडला. साखळी ताणली, निंब हलला. काही नाही.

“आणखी.”

आणखी दिली. इंजिन घोगरं झालं.

“आणखी द्या! घाबरू नका!”

पाय खाली नेला आणि ठक्. झटका. इंजिन तुटलं, सांधलं, परत तुटलं, आणि मेलं.

बद्रुद्दीनभाई सरळ झाला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तो हसत होता. “कललं! आख्खं इंजिन कललं, असं!” त्यानं पंजा तिरपा करून दाखवला.

दोष असा आहे. इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यातलं एका बाजूचं रबर तेल पिऊन कुजलं आहे. फार जोर पडला की इंजिन त्या बाजूला कलंडतं. ठिणगीची वीज देणारी कॉइल गाडीच्या अंगाला पक्की, ती प्लगांना वाटणारा डिस्ट्रिब्युटर इंजिनावर. दोघांमधली तार इंजिन कललं की ताणली जाते. ती वरून धडधाकट दिसते. बोटांनी चाचपली तर टोकाशी मऊ लागते. कापडी वेष्टणाच्या आत तांबं तुटलेलं आहे. एरवी टोकं एकमेकांना टेकून असतात आणि वीज जाते. ताण बसला की सुटतात. वीज गेली की इंजिन मरतं, जोर जातो, इंजिन जागेवर येतं, टोकं पुन्हा टेकतात. म्हणून इन्स्पेक्टरांना गाडी चांगली मिळाली. म्हणून मलाही.

तार हातात धरून आम्ही दोघं पोरांसारखे हसत होतो. मग बद्रुद्दीनभाईनं ती आहे तिथंच, आहे तशी ठेवली. आता साहेब येईपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नाही.

२७ एप्रिल

काल धावत जाऊन दादाला सांगितलं होतं. त्याचा चेहरा उजळेल अशी माझी अपेक्षा. तो म्हणाला, “सापडलं? बरं झालं.” आणि वहिनींकडे पाहिलं. वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले, आणि त्या चुलीसमोर बसूनच रडू लागल्या. सुटकेचं रडू असेल म्हणावं तर तसं वाटेना. दादा जवळ गेला तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला.

या घरात काय चाललंय मला कळत नाही.

३० एप्रिल

बुलढाण्याला इन्स्पेक्टरसाहेबांच्या कचेरीत गेलो. पुण्याकडचे आहेत, बोलायला कोरडे. “मी माझं मत दिलेलं आहे. आरोपीच्या भावानं तीन आठवडे गाडी खोललेली, आता दोष सापडला म्हणता. दोष तुम्हीच केलेला नाही कशावरून?”

मी म्हणालो, तुटलेलं तांबं बघा, जुनं आहे का नवं ते तुम्हाला कळेल. आणि त्याच चढावर गाडीत बसा.

बराच वेळ ते पेन्सिल टेबलावर आपटत राहिले. “एकदा येईन. ३ तारखेला सकाळी. घाटात दोष दिसला तर नोंद करीन. नाही दिसला तर तेही कोर्टाला सांगेन.”

३ मे

जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर सगळं एकमेकांत गुंतेल.

सकाळी घाटात पोचलो. मोठ्या वळणावर दादा, वहिनी आणि बद्रुद्दीनभाई उभे होते. मागून कोणी येऊ नये म्हणून खाली रस्त्यात दोन माणसं उभी केली होती आणि चाकांसाठी दगड तयार ठेवले होते. वहिनींना मी येऊ नका म्हटलं होतं, त्या ऐकेनात.

साहेब माझ्या डावीकडे बसले. मी चढाला गाडी घातली. दुसरा गिअर, मग पहिला, वळण, रेस. गाडी चढली. लोण्यातून सुरी जावी तशी. वरपर्यंत गेलो, वळवून खाली आलो.

“पुन्हा,” साहेब म्हणाले.

पुन्हा चढली.  निंबाला बांधून तुटत होती ती गाडी घाटात तुटेना. साहेबांनी घड्याळ पाहिलं. “आणखी एकदा. शेवटचं.” दादा कठड्यावर मान खाली घालून बसला होता. त्याला जणू हेच हवं होतं.

तेवढ्यात वहिनी रस्ता ओलांडून माझ्या बाजूला आल्या. दरवाजावर हात ठेवला.

“भाऊजी, तुमी रेस लय जपून देता. इंजिन सांभाळाची सवय आहे तुमाले. मी तशी नव्हती देत. झटका बसला न् मी घाबरली, घाबरून पाय पुरा खाली दाबला. तसा द्या.”

 खाली कुठंतरी शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या.

“कोण घाबरलं होतं, बाई?” साहेबांनी विचारलं.

दादा उठून आला. “साहेब, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिचं नका—”

“मी,” वहिनी म्हणाल्या. “गाडी मी चालवत होती. हे बाजूले बसून होते.”

मला दादाचा डावा हात दिसला. प्लास्टरमधला. डावा दरवाजा चेपलेला, डाव्या बाजूला बसलेल्याचा डावा हात मोडलेला. आणि वहिनींच्या हनुवटीवर, छातीवर, स्टिअरिंगचा मार. महिनाभर हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी रोज चुकीच्या माणसाला प्रश्न विचारत होतो.

साहेबांनी चष्मा पुसला. “आधी यंत्र बघू,” ते म्हणाले. “त्या म्हणतात तसं चालवा.”

मी वळणावर आलो आणि पाय पुरा खाली दाबला. घाबरलेल्या माणसासारखा. ठक्. झटका. तुटलं, सांधलं, तुटलं. चढावर गाडी मेली. आणि मग मला जे कळलं ते लिहिलंच पाहिजे. हे होणार हे मला ठाऊक होतं. मी त्याचीच वाट बघत होतो. तरी माझा पाय रेसवरून ब्रेकवर जाईपर्यंत गाडी मागे निघाली होती. मागच्या चाकाखाली दगड गेला म्हणून थांबली.

साहेब उतरले. बॉनेट उघडलं, तार काढून घेतली, खिशातल्या ब्लेडनं तिचं कापड उभं चिरलं. आत तांबं हिरवं पडलेलं होतं. “हे जुनं आहे,” ते म्हणाले. “माझी तपासणी अपुरी होती, तसं मी लिहीन.” मग वहिनींकडे वळले. “लायसन नव्हतं तुमच्याकडे.”

“नव्हतं. आन् साहेब, इंजिन बंद पडलं तो तारेचा दोष. पण ब्रेकवर पाय जायले जो वेळ लागला, तो माहा. तेही लिहा.”

४ मे

दादाशी आज बोललो नाही. माझ्याशी खोटं बोलला म्हणून राग आहे. मी बद्रुद्दीनभाईला हाकललं ते आठवून आणखी राग येतो.

सकाळी ओसरीवर दोघं बोलत होते, ते आतून ऐकू येत होतं. दादानंच त्यांना शिकवलं होतं, आम्ही सगळे कामावर गेलो की मळ्याच्या वाटेवर. पोलीस आले तेव्हा त्यानं आधीच तोंड उघडलं, वहिनी बोलायच्या आत.

“मी तुले वाचवून राह्यलो होतो, कला. बाईमाणसाचं नाव कोर्टात—”

“मले मालूम आहे. पण मी रोज दवाखान्यात जाऊन निवृत्तीभाऊचा पाय पाहे. त्यायले न् गोजरबाईले मी पहिल्याच दिवशी सांगितलं, का हे माह्या हातून झालं. त्यायनं ऐकून घेतलं. फक्त तुमीच ऐकून घेत नव्हते. माह्या हातून घडलं तेवढं तरी माह्यं राहू द्याचं होतं.”

 दादा नंतर बराच वेळ गोठ्यात होता.

६ मे

कोर्ट. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं. वहिनींनी पदर सावरून आपलं पूर्ण नाव सांगितलं. मागच्या बाकावर कुजबुज झाली. इन्स्पेक्टरसाहेबांनी तार टेबलावर ठेवली. निवृत्तीचा जबाब दवाखान्यातून आला होता, त्यात त्यानं जे पाहिलं ते आता सांगितलं आहे. वहिनींना परवाना नसताना चालवल्याबद्दल आणि निष्काळजीपणाबद्दल दंड झाला. दादाला चालवू दिल्याबद्दल आणि खोटी माहिती दिल्याबद्दल जास्त दंड, शिवाय मॅजिस्ट्रेटचं कडक बोलणं. तुरुंग कोणालाच नाही.

बाहेर आल्यावर दादा बद्रुद्दीनभाईसमोर जाऊन उभा राहिला. बद्रुद्दीनभाई म्हणाला, “आता तरी मले नवी तार टाकू द्या.”

१९ मे

नवी तार घातली, जरा ढील ठेवून. मुंबईहून रबर आलं, ते बसवलं. डावा दरवाजा ठोकून सरळ केला. गाडी घाटात कशीही दाबा, चढते. वहिनी मात्र छपराकडे फिरकत नाहीत. दादानं विचारलं तर म्हणाल्या, आता या जन्मात नाही.

२६ मे

निवृत्ती घरी आला. आम्ही सगळे भेटायला गेलो. पाय अजून टेकवत नाही, आठवड्याला खामगावला दाखवायला न्यायचा आहे. एस.टी.त चढवणं म्हणजे हाल.

गोजरबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवलं आणि वहिनींना म्हणाली, “नारायणभाऊ पेरनीत राहीन. रामरावचा हात अजून धड नाही. मंग याले दवाखान्यात कोन नेईन?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

“तुह्या हातून मोडला. तर न्याचा-आनाचा तूच. नीट शिक, कागद काढ सरकारचा, आन् घेऊन जा.” परत सूप उचललं. ती रागानं बोलली का मायेनं, मला अजून ठरवता येत नाही.

९ जून

वहिनींची परवान्याची परीक्षा. तेच साहेब. शिकाऊ कागद निघाल्यापासून मी रोज सकाळी शेजारी बसून सराव करून घेतला आहे. साहेब म्हणाले, “परीक्षा घाटातच घेईन. मोठ्या वळणावर.”

ते गाडीत बसले. मी आणि दादा वळणाखाली, रस्त्याच्या कडेला. गाडी चढाला लागली. ऐन वळणावर साहेबांनी हात वर केला: थांबवा. गाडी थांबली. तिथंच, जिथं ती मेली होती. आता तिथून पुन्हा निघायचं होतं. पाय ब्रेकवरून उचलायचा, रेस द्यायची, क्लच सोडायचा आणि गाडी मागे जाऊ द्यायची नाही.

शेजारी पाहिलं तर दादा नव्हता. तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला होता, गाडीच्या मागे चार हातांवर. हाताची झोळी अजून गळ्यात.

“दादा, बाजूले हो!”

“नाही.”

“अरे, गाडी मागं आली तर?”

“नाही येत.”

वहिनींना आरशात तो दिसला असणार. गाडी बराच वेळ तशीच उभी राहिली. इंजिनाचा आवाज एकसारखा होता, कुठं तुटत नव्हता. साहेब मागे वळून दादाकडे बघत होते. मी मागच्या चाकाखालच्या एका खड्याकडे बघत होतो.

आवाज वाढला. चाक हललं, पुढे. खडा मागे राहिला.

गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी दादा तिथंच, रस्त्याच्या मध्ये उभा होता. मी जवळ गेलो. तो माझा खांदा धरून रस्त्यातच खाली बसला.